खजुराची पेस्ट, पाक आणि खारकेची पूड: घरी करायची रीत

गोडासाठी खजुरापासून घरी तीन गोष्टी करता येतात: पेस्ट, पाक आणि पूड. नव्याने करणारे बहुतेकजण थेट पाकाकडे वळतात, कारण दुकानातल्या बाटलीत तोच दिसतो. माझं सांगणं उलट आहे. आधी पेस्ट करा. काम थोडं आहे, बिघडायला फारसा वाव नाही आणि फळातलं सगळं त्यातच राहतं. महिनाभर पेस्ट वापरून अंदाज आला, की मग पाक करा. पूड तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेच आहे. फक्त बाळंतिणीच्या लाडवांपलीकडे तिचा उपयोग करायचं आपल्याला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच नीट समजून घ्या. खजुराचा गोडवा ही साखरच आहे. बिया काढलेल्या 100 ग्रॅम मेडजूल खजुरात साधारण 66 ग्रॅम साखर असते आणि 277 कॅलरी. पांढऱ्या साखरेत 387 कॅलरी असतात. म्हणजे फरक आहे, पण आभाळाएवढा नाही. खजुराची जमेची बाजू ही, की त्याच 100 ग्रॅममध्ये 7 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि 700 मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम. मधुमेह असलेल्यांनी ‘नैसर्गिक आहे’ एवढ्यावर विसंबून मनमुराद खाऊ नये, डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. किडनीच्या आजारात ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं आहे, त्यांनीही आधी विचारावं.

पेस्ट आणि पाक यांतही मोठा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही मोजली आहे. ही सगळी मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या खाली ठेवा, असं त्यांचं सांगणं आहे. अख्ख्या फळातली साखर त्या हिशोबात धरलेली नाही. खजुराचा पाक गाळला की तंतू फडक्यात राहतात आणि बाटलीत उतरते ती साखर. म्हणून आमच्या घरी रोजच्याला पेस्ट आणि पाक सणावाराला, असा नेम आहे.

खजूर कुठला घ्यायचा

महागडा मेडजूल पेस्टसाठी घेऊ नका. तो नुसता खायचा खजूर. मोठा, मऊ, गरदार असतो, त्याला मिक्सरमध्ये घालणं म्हणजे हापूसचा मुरांबा करण्यासारखं आहे. चव छानच येते, पण अर्ध्या पैशात तेवढीच चांगली पेस्ट होते.

रोजच्या कामाला दोन जाती पुरतात. एक, इराणी मझाफती: काळाभोर, ओलसर, थंड कपाटात ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतो. हा इतका मऊ असतो की भिजवायची जवळजवळ गरज नसते. मात्र त्यात पाणी जास्त असल्याने बाहेर ठेवला तर आंबतो. दुसरी, इराकी झाहिदी: पिवळसर तपकिरी, जरा कोरडा, स्वस्त. पाकासाठी मला हाच आवडतो. रंग हलका येतो आणि चव मधाच्या जवळ जाते. मझाफतीचा पाक काळसर होतो, त्याला काकवीसारखी खोल चव येते. ज्याला जे रुचेल ते.

पेंडखजूर, म्हणजे दाबून ठोकळा केलेला, हाही चालतो. सर्वांत स्वस्त तोच. पण त्याला निवडायला वेळ द्यावा लागतो, त्याबद्दल पुढे सांगते.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. काही खजुरांवर चकाकीसाठी ग्लुकोज सिरप किंवा तेल लावलेलं असतं आणि घटकांच्या यादीत ते लिहिलेलं असतं. साखर टाळण्यासाठी ही खटपट करायची आणि सिरप लावलेला खजूर आणायचा, याला अर्थ नाही. यादीत एकच शब्द हवा: खजूर.

खरेदी कधी करायची? आखातात आणि इराणात खजुराची काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालते, त्यामुळे हिवाळ्यात नवा माल मिळतो. रमझानच्या आधीचे दिवस तर निवडीला उत्तम. मुंबईत मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड या भागांत तेव्हा इतक्या जाती एकत्र दिसतात की चाखत चाखत घेता येतं. पुण्यात मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात भाव बरा लागतो.

जून-जुलैत हातगाडीवर जे पिवळे-तांबडे कडक खजूर येतात, ते कच्छचे. गुजरातीत त्यांनाच खारेक म्हणतात. पावसाच्या आधी झाडावरून उतरवावे लागतात, म्हणून ते पूर्ण पिकून मऊ होईपर्यंत थांबता येत नाही. करकरीत, थोडे तुरट, खायला सुरेख लागतात. पण पेस्टसाठी किंवा पाकासाठी ते घेऊ नका.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो, तो खजूर गुळाचा. बाजारात खजूर गूळ म्हणून जो मिळतो, बंगालात ज्याला नोलेन गुड म्हणतात, तो या फळापासून होत नाही. तो शिंदीच्या झाडाच्या रसापासून होतो. थंडीत झाडाला छेद देऊन रात्रभर रस गोळा करतात आणि सकाळी आटवतात. अप्रतिम गूळ आहे, पण तो गूळच. इथे आपण बोलतोय ते फळाबद्दल.

प्रत्येक खजूर उघडा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सर्वांत महत्त्वाची आहे. बी काढलेला खजूर आणला असला तरी प्रत्येक खजूर बोटांनी उभा फाडून, दोन्ही पाकळ्या पसरून, उजेडात बघायचा.

चांगला खजूर आतून एकसारखा तपकिरी किंवा मधाळ दिसतो. बीभोवती पांढुरका पातळ पापुद्रा असतो, तो नैसर्गिक आहे. कधीकधी आत काजळी भरल्यासारखी काळी भुकटी दिसते, फुंकर मारली तर उडते. ती बुरशी असते. तो खजूर धुवून, पुसून, अर्धा कापून वापरायचा नाही, टाकायचा. कधी आत बारीक कणीदार मैला आणि जाळं दिसतं. ती किडीची खूण, तोही टाकायचा. बाहेरून मात्र हे दोन्ही खजूर अगदी चांगल्या खजुरासारखे दिसतात.

सुरुवातीच्या दिवसांत मी अर्धा किलो पेंडखजूर न उघडता, नुसता धुवून भिजवला होता. वाटून झाल्यावर पेस्टला एक कुबट, ओल्या भिंतीसारखा वास आला. अर्ध्या किलोत खराब निघाले असतील तर दोन-तीनच, पण सगळी पेस्ट टाकावी लागली. तेव्हापासून ताटात खजूर, शेजारी एक वाटी बियांना आणि एक वाटी टाकाऊला, असं मांडून बसते. अर्धा किलो निवडायला वीस मिनिटं लागतात.

खजुरावर पांढरे ठिपके किंवा खडबडीत थर दिसला तर लगेच घाबरू नका. जुन्या खजुरातली साखर वर येऊन गोठते. तो ठिपका कोमट पाण्याच्या थेंबाखाली चोळून बघा. साखर असेल तर विरघळते. बुरशी लवदार असते आणि विरघळत नाही.

बी काढलेल्या खजुरातही एखादी बी किंवा देठाची टोपी राहतेच. ती मिक्सरच्या पात्यात गेली तर पातं बोथट होतं आणि पेस्टमध्ये तिचे टणक कण येतात. उघडून बघण्याचा हा दुसरा फायदा.

पेस्ट

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: बिया काढलेला खजूर 250 ग्रॅम, पाणी 200 मिलिलिटर. 

खजूर चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली भराभर धुवा. पाण्यात बुडवून ठेवून धुऊ नका, गोडी पाण्यात उतरते. पाणी उकळून गॅस बंद करा आणि त्यात खजूर घालून झाकून ठेवा. मऊ खजुराला वीस मिनिटं, झाहिदीसारख्या कोरड्याला एक तास. साल बोटाने दाबल्यावर गरापासून सुटायला लागली की भिजला असं समजा. थंड पाण्यातही भिजतो, पण चार-पाच तास लागतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढ्या वेळात तो आंबायला लागू शकतो. भिजवायचाच तर फ्रिजमध्ये.

भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. खूप जण देतात. त्या पाण्यात साखर उतरलेली असते, तेच वाटायला वापरायचं.

मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. गरम मिश्रण बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं आणि चिकट गरम खजूर हातावर पडला तर चांगलाच भाजतो. आधी खजूर आणि निम्मं पाणी घालून थांबत थांबत फिरवा, कडेचं खाली ओढा, मग उरलेलं पाणी घालून दोन मिनिटं सलग फिरवा. सालीचे तुकडे दिसेनासे झाले पाहिजेत. लहान मुलांसाठी किंवा केकसाठी अगदी गुळगुळीत हवी असेल तर पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. रोजच्यासाठी मी तेवढं करत नाही.

साधारण 430 ते 450 ग्रॅम पेस्ट होते, पीनट बटरपेक्षा थोडी सैल. काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. एक खण म्हणजे साधारण दोन चमचे, असं एकदा मोजून ठेवलं की सकाळच्या घाईत उपयोगी पडतं. गोठवलेली तीन महिने छान राहते.

आता साखरेशी हिशोब. वरच्या प्रमाणाच्या पेस्टमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त साखर असते. म्हणून एक वाटी पेस्टमध्ये जेमतेम अर्धी वाटी साखरेचा गोडवा येतो. कृतीत एक वाटी साखर लिहिली असेल तर एक वाटी पेस्ट घाला आणि पदार्थ कमी गोड होईल हे मान्य करा. साखरेएवढाच गोड करायच्या नादात दोन वाट्या पेस्ट घातली तर पदार्थाचा लगदा होतो. शिवाय पेस्टबरोबर पाणीही येतं. एका वाटी पेस्टमागे कृतीतलं दूध किंवा पाणी पाव ते अर्धी वाटी कमी करायचं.

भोपळ्याचे घारगे, नाचणीचं सत्त्व, दलिया, केळ्याचं शिकरण, गव्हाच्या पिठाचा केक यांत पेस्ट बेमालूम मिसळते. शिऱ्यात घालायची तर रवा दुधा-पाण्यात पूर्ण फुलल्यावर घाला. आधी घातली तर रवा कचकच राहतो.

केकबद्दल एक महत्त्वाचं. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा जास्त असतात आणि त्या साध्या साखरेपेक्षा लवकर तपकिरी होतात. वरून केक झालेला दिसतो, आत कच्चा असतो. ओव्हनचं तापमान नेहमीपेक्षा 10-15 अंशांनी कमी ठेवा आणि वेळ थोडा वाढवा.

पाक

इराकमध्ये खजुराच्या पाकाला दिब्स म्हणतात. तिळाच्या पातळ वाटणावर दिब्स ओतून, पोळीसारख्या रोटीचा तुकडा त्यात बुडवून न्याहारी करतात, विशेषतः थंडीत. तीळ आणि गोड, तेही थंडीत! संक्रांतीला तीळगूळ खाणाऱ्याला ही चव अजिबात परकी वाटत नाही. मी पहिल्यांदा दोन चमचे तीळ वाटून त्यावर पाक घातला, तेव्हा तिळाच्या वडीची मऊ बहीण खाल्ल्यासारखं वाटलं.

आखातात पूर्वी हा पाक विस्तवाशिवाय निघायचा. बहरीनच्या प्राचीन किल्ल्यात, कलात अल-बहरीनमध्ये, त्यासाठी बांधलेल्या खोल्या अजून बघायला मिळतात. त्यांना मदबसा म्हणतात. जमिनीवर समांतर पन्हळी, त्यांच्यावर खजुराच्या पोत्यांची थप्पी. वरच्या पोत्यांच्या वजनाने आणि तिथल्या उकाड्याने खालच्या खजुरातून पाक पाझरायचा, पन्हळींतून वाहत जाऊन एका भांड्यात साठायचा. कतारमधल्या अल झुबारातही अशा खोल्या सापडल्या आहेत. आपल्याकडे ना तेवढी पोती ना तो उकाडा, म्हणून आपण पाण्यात शिजवून, पिळून, आटवतो.

बिया काढलेला, निवडलेला खजूर अर्धा किलो आणि पाणी सव्वा लिटर घ्या. जाड बुडाचं पातेलं हवं.

खजूर आणि पाणी एकत्र करून उकळी आणा, मग आच बारीक करून झाकण अर्धवट ठेवा आणि अर्धा ते पाऊण तास शिजू द्या. मधूनमधून रवीने किंवा डावाच्या पाठीने घोटा. कुकरला लावायचा असेल तर पाणी एक लिटर घ्या आणि बारीक आचेवर दोन शिट्ट्या पुरे. पण कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, खजुराचा फेस वर येऊन शिट्टीत अडकतो. मिक्सरला मात्र लावायचं नाही. वाटलं की गर इतका बारीक होतो की फडक्यातून पाक येण्याऐवजी चिखल येतो आणि शेवटी गढूळ पेस्टच हाती लागते.

हात लावता येईल इतकं कोमट झालं की गाळायला घ्या. चक्का बांधायचं मलमलचं फडकं उत्तम. आधी ते पाण्यात भिजवून पिळून घ्या, म्हणजे कोरडं कापड पाक पिऊन घेत नाही. फडकं चाळणीवर पसरा, मिश्रण ओता, आपोआप गळेल तेवढं दहा मिनिटं गळू द्या. मग चारी टोकं धरून पीळ देत पिळा. एकदम जोर लावला तर गर बाहेर येतो. थोडं पिळायचं, थांबायचं, पुन्हा पिळायचं.

फडक्यात राहिलेल्या चोथ्यात अजून बरीच गोडी असते. त्यात एक वाटी गरम पाणी घालून कालवा आणि पुन्हा पिळा. दोन्ही रस एकत्र करून एकदा बारीक गाळणीतून गाळा. आता हातात चहाच्या रंगाचा पातळ रस आहे. चाखून बघा, तो सरबतासारखा गोड लागला पाहिजे.

आटवायला कढई किंवा पसरट पातेलं घ्या, पृष्ठभाग जितका मोठा तितका वेळ कमी. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मध्यम आच चालते. वर मळकट फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहा. फेस काढला तर पाक स्वच्छ आणि चकचकीत होतो. रस निम्म्याहून कमी झाला की आच बारीक करा आणि कढईजवळून हलू नका.

इथे बुडबुडे बघायला शिका, तेच सगळं सांगतात. सुरुवातीला ते बारीक, फेसाळ आणि घाईचे असतात, पाणी उकळल्यासारखे. रस आटत आला की मोठे होतात, हळू फुटतात, त्यांच्यावर तकाकी दिसते. कढईच्या कडेला गडद रेघ उमटते आणि उलथनं फिरवलं की तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला जातो. वासही बदलतो. उकडलेल्या फळाचा वास जाऊन काकवीसारखा वास येतो. इथून पुढची सात-आठ मिनिटं धोक्याची. मी एकदा याच वेळी दारावरची बेल वाजली म्हणून गेले. परत येईपर्यंत तळाला करपट चव लागली होती आणि गार झाल्यावर पाक चमच्याला घट्ट चिकटून बसला. करपलेला पाक कशानेच दुरुस्त होत नाही. दारावर कुणी आलं तर आधी गॅस बंद करा.

एकतारी-दोनतारीची परीक्षा इथे उपयोगाची नाही. साखरेच्या पाकाला तार येते तशी याला नीट येत नाही. त्याऐवजी आटवायला सुरुवात करतानाच स्टीलची एक छोटी ताटली फ्रीजरमध्ये ठेवा. पाक झाला असं वाटलं की त्या गार ताटलीवर एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि मधून बोट ओढा. रेघ तशीच राहिली तर पाक झाला, बल्की किंचित जास्तच. रेघ हळूहळू भरून आली तर बरोबर. लगेच वाहून गेली तर अजून पाच मिनिटं. गरम असताना पाक मधापेक्षा पातळच दिसला पाहिजे, गार झाल्यावर तो दाटतो. दाट झालाच तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून एक उकळी काढा, हे मात्र दुरुस्त होतं.

अर्ध्या किलो खजुरातून साधारण 350 ते 400 ग्रॅम पाक मिळतो. जास्त मिळाला तर समजा अजून पातळ आहे, लवकर संपवा.

काचेची बाटली आणि झाकण पाण्यात दहा मिनिटं उकळून पूर्ण कोरडं करा. पाक गरम असतानाच गरम बाटलीत भरा. थंड काचेत उकळता पाक ओतला तर बाटली तडकते. फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. बाहेर ठेवायची जोखीम मी घेत नाही. कारखान्यात यंत्राने मोजून त्याचा दाटपणा ठरवतात, आपण बोटाच्या रेघेवर ठरवतो.

चोथा टाकू नका. त्यात तंतू भरपूर असतात. कणकेत मळून गोडसर पोळी होते. दाण्याचं कूट आणि थोडी सुंठ घालून लाडूही वळतात, पण गोडी कमी झालेली असते, म्हणून दोन-तीन अख्खे खजूर त्यात कुस्करा. माझा आवडता उपयोग म्हणजे चिंच-खजुराची चटणी. चिंचेचा कोळ, चोथा, थोडा गूळ, जिरेपूड, तिखट, सैंधव घालून उकळलं की भेळेला लागते तशी चटणी तयार.

खारकेची पूड

खारीक म्हणजे वाळवलेला खजूर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण साध्या खजुरासारखी ती झाडावर पिकून मऊ झालेली नसते. फळ कडक असतानाच उतरवतात, पाण्यात उकळतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. म्हणून ती सुरकुतलेली, फिकी आणि टणक असते आणि म्हणूनच तिची पूड होते. मऊ खजूर कितीही वाळवला तरी घरच्या मिक्सरमध्ये त्याचा गोळाच होतो.

आमच्याकडे आत्याच्या बाळंतपणाआधी आजी अडकित्ता घेऊन बसायची. खारीक आडवी धरून एकदा दाबायची, मग बोटांनी उकलून बी बाहेर. एक किलो खारकेला तिची अख्खी दुपार जायची. आता बिया काढलेली खारीक सर्रास मिळते, पण मी अजून बीसकट आणते. बी काढायच्या निमित्ताने प्रत्येक खारीक आतून दिसते आणि खारकेतही कीड असतेच.

बिया आणि देठाच्या टोप्या काढून खारकेचे लहान तुकडे करा. कडक उन्हात दोन दिवस वाळवा. ऊन नसेल तर कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत, दहा-बारा मिनिटं भाजा. तुकडा गार झाल्यावर मोडला तर कट्‌ आवाज झाला पाहिजे. नुसता वाकला तर अजून ओल आहे. पूड महिनाभर ठेवायची असेल तर भाजताना तूप घालू नका, त्याला खवट वास येतो. लगेच लाडू करायचे असतील तर खुशाल घाला.

पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. एका वेळी मूठ-दीड मूठ, आणि पाच-सहा सेकंद फिरवून थांबायचं. सलग फिरवलं तर पातं तापतं, खारकेतली साखर चिकट होते आणि पूड पात्याखाली घट्ट बसते. पिठाच्या चाळणीने चाळा, वर राहिलेली भरड पुन्हा फिरवा. शेवटी जी राहते ती रव्यासारखी भरड दुधात शिजवायला ठेवा. 

हे काम फेब्रुवारी ते मे या काळात करा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, पूड दोन दिवसांत ढेकळं धरते. किनाऱ्याकडे राहत असाल तर छोट्या छोट्या घट्ट बरण्या भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच उघडा.

ही पूड चहा-कॉफीत घालू नका. ती विरघळत नाही, तळाशी बसते. साखरेसारखी दिसते म्हणून लोक घालतात आणि निराश होतात. तिची जागा म्हणजे लाडू, सत्त्व, लापशी, गोड पोळीचं सारण. रव्या-बेसनाच्या लाडवात पिठीसाखरेच्या निम्म्या जागी ही पूड घातली तर रंग तपकिरी होतो, पण चव फार छान येते. पूर्ण साखर काढून टाकली तर लाडू कोरडे पडतात आणि वळत नाहीत, तेव्हा थोडा मऊ खजूर कुस्करून घाला.

काय जमत नाही

चिक्की होत नाही. खजुराच्या पाकातल्या साखरा हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे कितीही आटवला तरी वडी मऊ आणि चिकटच राहते. तिळाच्या मऊ वड्या किंवा लाडू मात्र सुंदर होतात.

श्रीखंडात आणि बासुंदीत घालू नका, रंगही जातो आणि मुख्य चवही झाकली जाते. पुरणात पेस्ट घालायची असेल तर डाळ अगदी कोरडी निथळून घ्या आणि पुरण नेहमीपेक्षा जास्त वेळ परता. तरी पोळी लाटताना फुटायची भीती राहतेच. पहिल्या खेपेला निम्मा गूळ, निम्मी पेस्ट असं करून बघा.

दुधाच्या पदार्थात गुळाला जी काळजी घेतो तीच इथे घ्यायची. उकळत्या दुधात पेस्ट किंवा पाक घातला तर दूध फाटू शकतं. गॅस बंद करा, दूध जरा निवू द्या, मग घाला आणि ढवळा. चहालाही हेच लागू: पाक कपात, सगळ्यात शेवटी.

पेस्ट असो वा पाक, बरणीवर केल्याची तारीख लिहून चिकटवा आणि दर वेळी कोरडाच चमचा घाला. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर बारीक बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा आंबूस वास आला, तर ती आंबली आहे. वरचा थर काढून खालची वापरू नका, सगळी टाकून द्या आणि बरणी पुन्हा उकळून घ्या.